गडपार रोडवरचा कवी

सत्यजित राय यांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यावी लागत नाही. ‘पथेर पांचाली’ आपल्याकडे फिल्म सोसायट्यांच्या काळापासून पाहिला जातो आहे, आणि त्यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादांमधून मराठी मुलांच्या हातात कधीच पोचला आहे. त्यांच्या वडिलांचं नाव मात्र आपल्या कानावर फारसं पडत नाही. बंगालमध्ये हा क्रम उलटा आहे. तिथल्या मुलाला सत्यजितबाबू भेटतात ते जरा मोठं झाल्यावर. सुकुमार राय मात्र पाटीवर अक्षर गिरवण्याच्या आधीच आईच्या किंवा आजीच्या तोंडून त्याच्याकडे आलेले असतात. तोच मुलगा पुढे कचेरीत बसू लागला की त्या कवितांमधली पात्रं रोजच्या बोलण्यात वापरतो. सदा आंबट चेहऱ्याने वावरणाऱ्या साहेबाला ‘रामगरुडाचं पिल्लू’ म्हटलं की समोरच्याला खुलासा करावा लागत नाही. सरकारचा एखादा विचित्र हुकूम निघाला की ‘एकविसाचा कायदा’ आला, असं म्हणून लोक मोकळे होतात. मुलांसाठी लिहिलेल्या ओळी मोठ्यांच्या भाषेत इतक्या खोल मुरल्याचं उदाहरण आपल्या देशात दुसरं चटकन सांगता येणार नाही.

हा माणूस 30 ऑक्टोबर 1887 रोजी जन्मला आणि 10 सप्टेंबर 1923 रोजी गेला. छत्तिसावं वर्षही पुरं झालं नाही. त्यातली अखेरची अडीच वर्षं अंथरुणात गेली. म्हणजे ज्याच्यावर बंगालच्या चार-पाच पिढ्या वाढल्या, ते लेखन झालं मुख्यतः दहा वर्षांत, तेही एक छापखाना चालवत, एका मासिकाचं संपादन करत. हे कसं घडलं, ते समजून घेण्यासाठी हे चरित्र लिहिलं आहे.

सुरुवात घरापासूनच करायला हवी. कलकत्त्यात कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर, ब्राह्मो समाजाच्या मंदिरासमोर, तेरा नंबरचं मोठं घर होतं. सुकुमारांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, द्वारकानाथ गांगुली त्याच घरात राहत. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला हा खंदा सुधारक. त्यांची दुसरी पत्नी कादंबिनी. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली, त्याच वर्षी कादंबिनी कलकत्त्यात वैद्यकीची परीक्षा देऊन बाहेर पडल्या. आनंदीबाईंना आयुष्य मिळालं नाही. कादंबिनींनी अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. मुलं घरात हुंदडताहेत आणि घरातली एक बाई रोगी तपासायला बाहेर पडते आहे, असं दृश्य 1890च्या सुमाराला हिंदुस्थानात किती घरांत दिसलं असेल? सुकुमारांच्या हास्यामागचा मोकळेपणा कुठून आला, असं विचारलं तर मी आधी या घराकडे बोट दाखवीन.

त्यानंतर वडिलांकडे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी मैमनसिंहकडचे. व्हायोलिन वाजवायचे, चित्रं काढायचे, मुलांसाठी गोष्टी लिहायचे. सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा सिनेमा आजोबांच्याच गोष्टीवरचा. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, त्यासाठी चित्रंही स्वतःच काढली. ती लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापली गेली तेव्हा पार बिघडली. दुसरा एखादा कारागिराला बोल लावून गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली, पुस्तकं मागवली आणि हाफटोन ब्लॉक करण्याचं तंत्र घरी बसून शिकून घेतलं. 1895 मध्ये त्यातून ‘यू. राय’ हा व्यवसाय उभा राहिला. पुढे ‘अँड सन्स’ जोडलं गेलं.

हाफटोनबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण हे तंत्र या चरित्रात सतत येणार आहे. छपाईच्या शाईला काळा येतो, कागदाला पांढरा. मधल्या करड्या छटा दोघांनाही येत नाहीत. मग फोटो छापायचा कसा? काचेवर उभ्या-आडव्या अतिशय बारीक रेघा कोरलेला एक पडदा कॅमेऱ्यात प्लेटच्या पुढे धरायचा. त्यातून येणारा प्रकाश ठिपक्यांमध्ये फुटतो. गडद जागी ठिपके मोठे, फिक्या जागी बारीक. डोळा लांबून त्यांचं करडं करून घेतो. पण पडदा प्लेटपासून किती अंतरावर हवा, भिंगाचं छिद्र केवढं आणि कसल्या आकाराचं हवं, यावर सगळं अवलंबून असतं, आणि त्या काळी बहुतेक ब्लॉकमेकर ते अंदाजाने ठरवत. उपेंद्रकिशोरांनी त्याचं गणित मांडलं. कलकत्त्यात बसून लिहिलेले त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येत होते. युरोपातल्या लोकांच्या बरोबरीने, काही बाबतींत त्यांच्या पुढे जाऊन, हा बंगाली गृहस्थ ठिपक्यांचा अभ्यास करत होता, आणि त्याच्या मुळाशी होती मुलांच्या पुस्तकातली बिघडलेली चित्रं.

मुलांच्या पुस्तकासाठी इतकं! मला या कुटुंबाबद्दल जे म्हणायचं आहे ते सगळं इथे आहे. आपल्याकडे बालसाहित्य ही उरलेल्या वेळात करायची गोष्ट मानली गेली. मोठ्यांसाठीचं लिहून झालं की मुलांसाठी थोडं. चांगला कागद कादंबरीला, उरलेला बालगीतांना. राय घराण्यात घरातली उत्तम बुद्धी, उत्तम हात आणि उत्तम यंत्र आधी मुलांच्या कामाला लागत असे. सुकुमारांना हे वारशाने मिळालं आणि त्यांनी ते टोकाला नेलं.

सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1906 मध्ये पदार्थविज्ञान आणि रसायन असे दोन्ही विषय घेऊन ऑनर्ससह पदवीधर झाले. त्याच सुमाराला त्यांनी मित्रांना, भावंडांना घेऊन ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला. क्लबचं एक हस्तलिखित होतं, ‘साडे बत्तीस भाजा’. कलकत्त्याच्या रस्त्यावर मिळणाऱ्या चटकदार खाण्याचं हे नाव. क्लबसाठी त्यांनी नाटुकली लिहिली. त्यातल्या ‘लक्ष्मणेर शक्तिशेल’मध्ये रामायणातले वीर कलकत्त्याच्या आळशी बाबूंसारखे बोलतात. ही नाटकं गाण्यांनी भरलेली आहेत. शब्द त्यांचे आणि चालीही. सुकुमारांना केवळ कवी म्हणणं अपुरं आहे, ते याच कारणाने. गाणं त्यांच्या घरात श्वासासारखं होतं. ब्राह्मो समाजाच्या उपासनेसाठी त्यांनी गंभीर पदं रचली आणि क्लबच्या रंगमंचासाठी धमाल गाणी. बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनात सारा प्रांत स्वदेशीचा घोष करत होता. सुकुमार स्वतः स्वदेशीचे, पण ठिसूळ देशी माल देशप्रेमापोटी गोड मानून घेणाऱ्यांवर त्यांनी एक गाणं केलं आणि ते स्वदेशीवाल्यांनीच हौसेने म्हटलं. ज्या बाजूने आपण उभे आहोत त्या बाजूच्या वेडाकडेही हसून बघण्याची ही ताकद त्यांच्यात विशीत आलेली होती.

1911 च्या शरदात ते गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला गेले. लंडनमध्ये फोटो-एनग्रेव्हिंग आणि लिथोग्राफीच्या शाळेत, नंतर मँचेस्टरच्या तंत्रशाळेत शिकले. वडिलांसारखे त्यांचेही लेख ‘पेनरोज’मध्ये आले. पुढे ते रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलो झाले. 1912 मध्ये रवींद्रनाथ लंडनला आले. तेव्हा तिकडे त्यांचं नाव मोजक्या मंडळींपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. सुकुमारांनी इंग्रज श्रोत्यांपुढे रवींद्रनाथांच्या कवितेवर निबंध वाचला, काही कवितांचे अनुवाद करून ऐकवले. नोबेल मिळण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. पंचविशीतला, ब्लॉकमेकिंग शिकायला आलेला विद्यार्थी हे काम करतो, यातून त्याची वाङ्मयाची जाण कळते. पुढे ‘साधारण ब्राह्मो समाज’ या संस्थेने रवींद्रनाथांना सन्माननीय सभासद करून घ्यावं म्हणून जुन्या मंडळींशी भांडणारे तरुण होते, त्यांतही सुकुमार पुढे होते आणि त्यांच्या जोडीला होते प्रशांतचंद्र महालनोबिस.

ते 1913 मध्ये परतले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक सुरू केलं होतं. आपल्याकडे वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ 1906 पासून निघत होता, तेव्हा मुलांसाठी मासिक काढणं ही काही बंगालची मिरास नव्हती. दोन प्रांतांची ये-जाही होतीच. ‘मनोरंजन’कर्ते काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगालीवरच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे आडनाव लावत. ‘संदेश’चं वेगळेपण त्याच्या अंगावर होतं. रंगीत चित्रं, नेटकी छपाई, आणि लेखक बहुतेक घरचेच. 1915 च्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर गेले. आदल्याच वर्षी गडपार रोडवर शंभर नंबरचं नवं घर बांधून झालं होतं. राहणंही तिथेच, छापखानाही तिथेच. घर, छापखाना, मासिक असं सगळं अठ्ठाविसाव्या वर्षी सुकुमारांच्या अंगावर पडलं.

दर महिन्याला अंक भरायचा असतो, हे ज्यांनी मासिक चालवलं आहे त्यांना सांगायला नको. सुकुमारांच्या लेखनाचं मोठं कारण तेच आहे. अंकाला कविता हवी, कविता लिहिली. चित्र हवं, चित्र काढलं. दोन पानं उरली, कोडं घातलं. पाणबुडी कशी चालते यावर त्यांनी लिहिलं. सॉक्रेटिस, आर्किमिडीज, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्यावर लिहिलं. पागला दाशू नावाच्या अतरंगी शाळकरी पोराच्या गोष्टी लिहिल्या. कॉनन डॉयलच्या अज्ञात जगाची फिरकी घेणारी एक डायरी लिहिली. सगळंच सारख्या तोलाचं नाही. ब्राह्मो समाजाचा इतिहास मुलांसाठी पद्यात सांगणारं त्यांचं लेखन मला कोरडं वाटतं. तिथे शिकवण्याची घाई दिसते. मात्र विज्ञानावरचे लेख आजही वाचावेत असे आहेत, कारण मुलाला कळणार नाही म्हणून त्यात काही गाळलेलं नाही.

आता कवितांकडे येतो. ‘आबोल-ताबोल’ या त्यांच्या कवितासंग्रहातल्या जगात दोन प्राण्यांची नावं अर्ध्यात जोडली जातात आणि नावाबरोबर अंगंही जोडली जातात. बदक आणि साळिंदराचा ‘हाँसजारू’ होतो, बगळा आणि कासवाचा ‘बकच्छप’. व्याकरणात संधी होतो तसा हा प्राण्यांचा संधी, आणि सुकुमार तो नियम मोडत नाहीत. एकदा ठरलं की डोकं याचं, धड त्याचं, मग त्या बिचाऱ्या प्राण्याला रानात जायचं की पाण्यात, हा खराच पेच पडतो. हेड ऑफिसातला एक शांत गृहस्थ एके दिवशी ओरडत उठतो की आपल्या मिशा चोरीला गेल्या. सगळे आरसा दाखवतात, मिशा जागच्या जागी आहेत. पण असल्या गचाळ मिशा माझ्या असूच शकत नाहीत, असं म्हणून तो कारकुनांना दंड करतो. एक काका असं यंत्र बांधतात की माणसाच्या तोंडापुढे खाऊ लोंबत राहील आणि तो धरण्यासाठी माणूस मैलोन् मैल चालेल. या यंत्राचं चित्रही सुकुमारांनीच काढलं आहे. त्यांनी चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. कुठे हात अवघडलेला असतो, कुठे पाय. पण यंत्राची दांडी कुठे बांधली आहे आणि भार कुठे पडतो, ते त्या चित्रात बरोबर दिसतं.

या कवितांना वेड म्हणताना जपून म्हणायला हवं, असं मला वाटतं ते इथे. ठिपक्याच्या आकाराचं गणित करणारा माणूस मात्रांचंही करतो. एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. यमक ओढूनताणून आणलेलं नसतं, ते आधीपासून तिथे बसलेलं होतं असं वाटतं. कल्पना कितीही अचाट असली तरी तिच्या आत कार्यकारणभाव पक्का असतो. 1940 मध्ये ‘पागला दाशू’ पुस्तकरूपाने आलं तेव्हा रवींद्रनाथांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि नेमकं हेच सांगितलं. या लेखकाच्या स्वभावात विज्ञानाच्या संस्काराचं गांभीर्य होतं, म्हणूनच तो त्याच्या उलट टोकाशी इतक्या सहज खेळू शकला, असा त्यांचा आशय आहे.

‘एकविसाच्या कायद्या’त चालताना पाय घसरून पडलं तर शिपाई पकडतो आणि दंड एकवीस रुपये, दात हलला तरी कर आहे, मिशी वाढली तरी आहे. या ओळी रौलट कायद्याच्या जमान्यातल्या मुलांनी वाचल्या, तेव्हा घरातल्या मोठ्यांना त्यात काय ऐकू आलं असेल हे उघड आहे. अलीकडे सुकुमारांच्या प्रत्येक कवितेत राजकीय अर्थ शोधणारे अभ्यासक पुष्कळ झाले आहेत. मला तो आग्रह पटत नाही. इंग्रज गेला तरी ही कविता जुनी झाली नाही, कारण तिचा रोख एका सरकारवर नाही. कारण न सांगता हुकूम देणाऱ्या प्रत्येकावर आहे, आणि असा पहिला माणूस मुलाला घरात किंवा शाळेत भेटतो. रामगरुडाची पिल्लं हसायला घाबरतात, झाडांच्या बाजूलाही जात नाहीत, न जाणो वारा गुदगुल्या करील. भीतीने घट्ट मिटलेल्या या पिल्लांबद्दल कवीला राग नाही, दया आहे. हे वाचताना मुलाला हसू येतं आणि मोठ्या माणसाला आपलं घर आठवतं.

गद्यातली त्यांची सर्वोत्तम कृती ‘ह य ब र ल’. घाम पुसायला ठेवलेल्या रुमालाचं मांजर होतं आणि तिथून पुढे हिशेब लिहिणारा कावळा, विनाकारण हसून हसून लोळणारा हिजिबिजबिज, शेवटी घुबड न्यायाधीश असलेला खटला. लुईस कॅरलची ‘अ‍ॅलिस’ त्यांनी वाचलेली होती आणि ती सावली लपत नाही. पण कोर्टातली वकिली भाषा, साक्षीदाराला पैसे देऊन उभं करण्याची रीत, पाटीवर आकडेमोड करणारा कावळा हे अस्सल कलकत्त्याचं आहे.

लेखन, छापखाना, ब्राह्मो समाजाचं काम असं चाललेलं असतानाही त्यांनी मित्रांची बैठक सोडली नाही. दर सोमवारी ‘मंडे क्लब’ भरायचा. खाण्याचा भाग इतका दांडगा असे की लोकांनी त्याचं ‘मंडा क्लब’ करून टाकलं. मंडा ही तिकडची मिठाई. महालनोबिस, सुनीतिकुमार चटर्जी, अतुलप्रसाद सेन, सत्येंद्रनाथ दत्त अशी माणसं त्यात होती. बैठकीची निमंत्रणं सुकुमार पद्यात लिहून स्वतःच्या छापखान्यात छापत.

1921 च्या 2 मे रोजी मुलगा झाला, सत्यजित. त्याच वर्षी सुकुमारांना काळा आजार जडला. वाळूमाशीच्या चावण्यातून शरीरात शिरणारा या रोगाचा परजीवी यकृत-प्लीहा सुजवतो, ताप उतरू देत नाही, माणूस हळूहळू काळवंडत, झिजत जातो. बंगाल-आसामात त्याने गावंच्या गावं ओस पाडली होती. मन विषण्ण होतं ते पुढच्या गोष्टीने. त्याच कलकत्त्यात, त्याच वर्षांत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी या रोगावरचं औषध तयार करत होते. युरिया स्टिबामाइनवरचे त्यांचे निष्कर्ष 1922 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या काळात त्या औषधाने असंख्य जीव वाचवले. सुकुमार त्यांच्यात नव्हते.

आपण वाचणार नाही हे त्यांना कळलं होतं. तरीही ‘संदेश’साठी लिहिणं, चित्रं काढणं थांबलं नाही. ‘आबोल-ताबोल’ या पुस्तकाची मांडणी त्यांनी अंथरुणात पडून केली. कोणती कविता कुठल्या पानावर, चित्र किती जागेत, मुखपृष्ठ कसं, सगळं स्वतः. संग्रहातली अखेरची कविता याच दिवसांतली. तिच्यात निरोप आहे, अंधार आहे आणि तरी सारा खेळ चालूच आहे. मृत्यूच्या दारात उभं राहून असा विनोद दुसऱ्या कुणाला करता आला असेल का, अशी शंका सत्यजित राय यांनी व्यक्त केली आहे. मुलगा बोलतो आहे म्हणून ती बाजूला सारू नये. कविता वाचल्यावर परक्यालाही तेच वाटतं. शेवटच्या दिवसांत रवींद्रनाथ भेटायला आले आणि उशाशी बसून त्यांनी गाणी म्हटली. सुकुमार 10 सप्टेंबरला गेले. पुस्तक बाहेर पडलं 19 सप्टेंबरला.

नंतरचं थोडक्यात सांगतो. ‘यू. राय अँड सन्स’ काही वर्षांतच बुडालं, गडपारचं घर गेलं. सुप्रभादेवी लहानग्या सत्यजितला घेऊन भावाकडे राहायला गेल्या आणि विधवांच्या एका संस्थेत शिकवू लागल्या. सुकुमारांच्या पत्नीचं हे कष्टाचं आयुष्य चरित्रकारांनी सहसा दोन ओळींत उरकलं आहे; या पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. गडपारच्या त्या वास्तूत पुढे शाळा भरू लागली. ‘संदेश’ बंद पडलं होतं, ते 1961 मध्ये सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी पुन्हा सुरू केलं. 1987 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, सत्यजित राय यांनी वडिलांवर अर्ध्या तासाचा माहितीपट केला.

मराठीत या कवीच्या सगळ्यांत जवळचे कोण, असं मला विचारलं जातं. विंदा करंदीकर. ‘एटू लोकांचा देश’ आणि ‘पिशीमावशी’ यांच्या कर्त्याला गडपार रोडवर कुणी परका मानलं नसतं. विंदांनी सुकुमारांपासून काही घेतलं असं मी म्हणत नाही. मोठ्यांसाठी अवघड कविता लिहिणारा माणूस मुलांसाठी लिहिताना तितकाच जागा राहतो, एवढं साम्य मला पुरेसं वाटतं. विंदांच्या बालकविता ज्यांनी मुलांना म्हणून दाखवल्या आहेत, त्यांना पुढची प्रकरणं वाचताना अनोळखी प्रांतात आल्यासारखं वाटणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. या पुस्तकात कवितांचा आशय सांगितला आहे, पण सुकुमार राय कानाने घ्यायचे कवी आहेत. आज मुंबई-पुण्याच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एखादं तरी बंगाली कुटुंब असतं. त्यांच्याकडे जा, मुलांना बरोबर न्या आणि ‘आबोल-ताबोल’मधलं काहीही म्हणून दाखवायला सांगा. त्यांना पुस्तक शोधावं लागणार नाही.